गुळाचा खडा आणि शिशाची वजनं

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या शेडमध्ये जे झालं ते एकदा लिहून टाकतो. बरेच दिवस टाळत होतो कारण चूक माझीच आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आपली छोटी शेड आहे, वडिलांच्या वेळची. पितळ, ॲल्युमिनियमचं ओतकाम. मधे काम जरा थंड होतं आणि ओळखीतून मालवणच्या एका डायव्हिंगवाल्याची ऑर्डर आली. तारकर्ली-मालवणला पर्यटकांना पाण्याखाली नेतात ना, त्यांच्या कंबरपट्ट्यात शिशाची वजनं ओवलेली असतात, नाहीतर रबराचा सूट घातलेला माणूस खाली जातच नाही, बुचासारखा वर तरंगतो. दोन किलोचा नग, मधे दोन इंची पट्टा जाईल अशा दोन खाचा. दोनशे नग म्हणजे चारशे किलो शिसं. म्हटलं हे तर किरकोळ काम, शिसं ३२७ डिग्रीला वितळतं, शेगडीवरसुद्धा होतंय. तिथंच माती खाल्ली.

माल टायरवाल्यांकडचा, चाकाला ठोकतात ती जुनी वजनं. बॅटरीचं शिसं नको एवढं तरी कळत होतं, ते विनापरवाना वितळवणं बेकायदाच आहे. पण बाकी सगळा आनंद. डाय, म्हणजे ओतायचा साचा, लहान आणि गार, खाच नीट भरेना म्हणून ओतकाम करणारे आमचे मामा बर्नर वाढवायचे, इतका की संध्याकाळी कढईचा तळ लालबुंद दिसायचा. तळ लाल म्हणजे ५०० च्या वर गेलं, आणि तिथनं पुढं शिशाची वाफ जोरात सुटायला लागते, ती ना दिसते ना धड वास येतो. वर साचलेली राखाडी मळी पळीनं काढून पत्र्याच्या डब्यात टाकायची, सांडली की कोरडा झाडू मारायचा. मी स्वतः मारलाय. तोंडाला काय तर पंचा.

आणि गूळ. फौंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, धुळीच्या कामाला गूळ द्यायचा असतो, गुळानं छातीतली धूळ सुटते म्हणे. वडील द्यायचे, मी पण देतो, चार वाजता चहाबरोबर खडा. कोल्हापुरात गुळाला काय तोटा.

तर त्या दिवशी डायव्हिंगवाले दादा फोंडा घाट चढून टेम्पो घेऊन आले. एक नग उचलला, फिरवून बघितला, तळहात काळाकुट्ट. म्हणाले, गिऱ्हाईकं हल्ली विचारतात, ह्याच्यानं समुद्र खराब होतो काय, मासे मरतात काय. मी लगेच ज्ञान पाजळायला सुरुवात केली, की खाऱ्या पाण्यात शिशावर पापुद्रा धरतो, विरघळतं ते फार हळू, आणि तुमचं वजन संध्याकाळी परत बोटीवर येतंय की, तळाला पडून राहतात ती मासेमारीच्या गळाची शिसं, काळजी करायची तर त्यांची करा. खोटं काय बोललो नाही. पण दादांचं लक्षच नव्हतं, ते मामांकडं बघत होते. मामा पायरीवर पोट धरून बसलेले आणि त्याच काळ्या हातानं गूळ खात होते.

"ह्यांना काय होतंय?" दादांनी विचारलं. म्हटलं ॲसिडिटी, पंधरा दिवस झाले, पोट साफ होत नाही, गोळ्या चालू आहेत. दादा म्हणाले, "ॲसिडिटी नसेल हो. माझा भाऊ गोव्याला बोटींचा जुना रंग खरवडायच्या कामावर आहे, त्यांचं रक्त तपासतात शिशासाठी. उद्याच्या उद्या तपासून घ्या." माल तसाच ठेवून गेले बिचारे, ॲडव्हान्सचं नावसुद्धा काढलं नाही.

रिपोर्ट यायला आठवडा गेला. मामा ४६. मी १७. हे आकडे एक डेसिलिटर रक्तात किती मायक्रोग्रॅम शिसं ह्याचे, आणि ५ किंवा वर आलं की शिसं कुठनं येतंय ते शोधून बंद करा असं डब्ल्यूएचओ सांगते. डॉक्टरांनी सगळं विचारलं, जेवता कुठं, हात कशानं धुता, कपडे कुठं धुता. गुळाचं ऐकल्यावर पेन खाली ठेवलं. म्हणाले वाफेनं गेलं ते गेलंच, पण तुम्ही रोज चार वाजता शिसं गुळाला लावून खायला घालत होता ह्यांना. हे वाक्य मला झोपू देत नव्हतं.

मग म्हणाले घरी लहान कोण आहे? मामांची चार वर्षांची नात. आजोबा आले की तशीच कपड्यांसकट मांडीवर चढते. तिचे ८. लहान पोरांच्या पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट अंगात मुरतं, हे मला तेव्हा कळलं. ह्या आकड्याला औषध नाही, शिसं बंद करायचं आणि लोह-कॅल्शियम असलेलं खायला घालायचं, बस्स. मामी काहीच बोलल्या नाहीत, नुसता तो पंचा उचलून बाहेर टाकला.

नंतर वाचत बसलो तर १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमधे सरकारला कळवायच्या आजारांची यादी होती, त्यात पहिल्याच नंबरला शिशाची विषबाधा. शेडमधे वडिलांनी लावलेले सूचनांचे दोन बोर्ड आहेत, त्यात हे कुठंच नाही.

शिसं बंद केलं. फरशी ओल्या फडक्यानं पुसून घेतली, कपडे शेडमधेच बदलायचे, गूळ-चहा नळाच्या पलीकडं, साबणानं हात धुतल्यावर. दादांना शिरोलीच्या मित्राच्या फौंड्रीतनं बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वजनं ओतून दिली. पाण्यात दोन किलो शिशाचं काम करायला साधारण दोन किलो सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर बीड लागतं, पण नग दीडपटीहून मोठा होतो, आणि गंजतं, त्यामुळं वर जाड कोटिंग. कमरेला टोचतं म्हणून दादांची कुरकुर चालू आहे, तरी वापरतायत.

मामा तीन महिन्यांनी २९ वर आलेत, पोट शांत आहे. हाडात बसलेलं निघायला वर्षं जातात म्हणे. पुढच्या महिन्यात नातीचं रक्त परत द्यायचंय, ती सुईला घाबरते, म्हणून मामा म्हणतायत आधी मी देतो, तिच्यासमोर, हसत.