बांधावरचे तित्तीर आणि थांबणारी कुत्री

नवरात्र संपता संपता आमच्या पारोळा तालुक्यात बाजरीची कणसे खुडून झालेली असतात, कपाशीची पहिली वेचणी सुरू होते आणि मुरमाड टेकड्यांवरचे गवत पिवळे पडू लागते. या दिवसांत पहाटे साडेपाचच्या सुमारास मी ताराला घेऊन शेतावर जाते. तारा ही इंग्लिश पॉइंटर जातीची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली चार वर्षांची कुत्री आहे. तिच्या जातीचे कुत्रे पिढ्यान् पिढ्या एकाच कामासाठी घडवले गेले : बंदूकधाऱ्याच्या पुढे राहून गवतात दडलेल्या पक्ष्याचा वास घ्यायचा आणि वास लागताच झेप न घेता जागच्या जागी उभे राहायचे. यालाच पॉइंट देणे म्हणतात. माझ्या हाती बंदूक नसते. ताराच्या पट्ट्याला बांधलेली दहा मीटरची दोरी, गळ्यात दुर्बीण आणि खिशात वही एवढेच असते.

बंदूक माझ्या आजोबांच्या हाती होती. त्यांना सगळे गाव आप्पा म्हणत असे. त्यांच्याकडे बाराबोअर होती, पॉइंटर जातीचा एक कुत्रा होता आणि दसऱ्यापासून होळीपर्यंत तित्तीर व लाव्हे यांच्यामागे बोरी नदीच्या काठाने फिरण्याची विलक्षण ओढ होती. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्यानंतर त्यांनी बंदूक पुन्हा रानात नेली नाही. त्या कायद्यात काही प्राण्यांसाठी परवान्याची सोय सुरुवातीला होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही संपली. आप्पांनी परवान्याची वाट पाहिलीच नाही. मला कळू लागले तेव्हा ते म्हातारे झाले होते आणि शिकारीच्या गोष्टी सांगताना किती पक्षी पाडले हे कधीच सांगत नसत. कुत्रा कुठे थांबला, वारा कुठून होता, पाय कोणता उचललेला होता, हेच ते पुन्हा पुन्हा सांगत. ‘कुत्र्याने पॉइंट दिला की श्वास आपलाही थांबतो,’ हे त्यांचे वाक्य मी लहानपणी शंभरदा ऐकले आणि त्याचा अर्थ तारा घरी आल्यावर मला कळला.

हे थांबणे शिकवून येत नाही. शिकारी प्राणी झडप घालण्यापूर्वी क्षणभर स्तब्ध होतो, मांजर उंदरापुढे होते तसा. त्याच क्षणाला माणसाने निवडीने लांबवत नेले आणि झडप मागे पाडली. आमच्याकडचे कारवानी कुत्रे डोळ्यांनी सावज पाहून धावतात. जमिनीला नाक लावून माग काढणारे कुत्रे वेगळेच. पॉइंटर मात्र मान वर धरून वाऱ्यावर आलेला वास घेतो, म्हणून त्याला नेहमी वाऱ्याच्या तोंडाशी चालवावे लागते. पाऊस गेला की आमच्याकडे वारा पश्चिमेचा सोडून पूर्वेकडून येऊ लागतो, त्यामुळे मी शेताच्या पश्चिमेच्या टोकाला, नाल्याकडून, आत शिरते. दव असते तोवर वास जमिनीलगत टिकून राहतो. ऑक्टोबरचे ऊन नऊच्या आत तापते, कुत्री धापा टाकू लागते, आणि तोंडाने श्वास घेणाऱ्या कुत्र्याला वास नीट लागत नाही. म्हणून साडेआठला आम्ही परततो, मग काही सापडलेले असो वा नसो.

मागच्या वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी घडलेली एक गोष्ट सांगते. तारा तिसऱ्या बांधालगत नागमोडी चालत होती. बांधावर बोरीचे एक झुडूप आहे आणि त्याच्या बुडाशी पवन्या गवत दाट माजलेले आहे. त्या झुडपापासून सात-आठ पावलांवर तिची मान एकाएकी उजवीकडे वळली आणि बाकीचे अंग वळायच्या आतच ती गोठून गेली. शेपूट पाठीच्या रेषेत ताठ, डावा पुढचा पाय गुडघ्यात मुडपून वर, नाकपुड्या तेवढ्या हलत होत्या. तिच्या खांद्यावर एक माशी येऊन बसली, तिथली कातडी थरथरली, पण पाय खाली आला नाही. शेजारच्या रानात बकऱ्या चारणारे दादा हे बघत उभे होते. त्यांनी हलक्या आवाजात विचारले, ‘ताई, हाई कुत्री कसाले थांबनी?’ मी बोट दाखवले. तिथे कोणालाच काही दिसत नव्हते.

इथे शिकारी पुढे होऊन पक्षी उडवतो. मी तसे करत नाही. कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. पकडणे, फासात अडकवणे, पाठलाग करणे आणि हाकणे हेही त्यातच येते, आणि मला ते योग्यच वाटते. रात्रीच्या गारव्यातून नुकत्या बाहेर पडलेल्या पक्ष्याला उगाच उडवले तर त्याची शक्ती वाया जाते आणि वरून शिक्रा हा शिकारी पक्षी टपलेला असतोच. त्यामुळे मी दोरीला हात घालून ताराच्या पाठीवरून तळवा फिरवला, तिला शाबासकी दिली आणि अलगद मागे वळवले. पन्नास-साठ पावलांवर, लिंबाखाली, आम्ही बसून राहिलो. दहा-बारा मिनिटांनी बोरीखालून एक राखी तित्तीर मान उंच करून बाहेर आला. नराच्या पायाला आर, म्हणजे टोकदार काटा, असते, ती दुर्बिणीतून स्पष्ट दिसली. त्याच्यामागून एकापाठोपाठ एक पाच पक्षी निघाले आणि पळत पळत कपाशीच्या ओळीत शिरले. तित्तीर शक्य तोवर पळतो, अगदी नाइलाज झाला तरच उडतो. दादांनी बकऱ्या सोडून तेवढा वेळ आमच्याजवळ बसून काढला होता.

लाव्ह्यांचे तसे नसते. ते पायाखाली येईपर्यंत दबून बसतात आणि मग सगळा थवा एकदम भुर्रकन फुटतो. पावसाळी लाव्ह्यांची घरटी कधी कधी ऑक्टोबरपर्यंत असतात, म्हणून तारा बाजरीच्या धसकटांत थांबली की मी आणखी सावध असते आणि तिला लगेच मागे घेते. आणि दुर्लाव म्हणजे लाव्ह्यासारखाच दिसणारा, पण वेगळ्या कुळातला पक्षी. त्याची मादी अधिक ठसठशीत रंगाची असते. अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे काम नराकडे असते. ताराच्या लेखी हे सारे सारखेच.

आता मला ज्यासाठी हे लिहायला घ्यावेसे वाटले, ते सांगते. तारा येण्याआधीची दोन वर्षे मजूर मिळत नव्हते म्हणून मी बांधांवर तणनाशक मारून घेत होते. बांध स्वच्छ, उघडे दिसत आणि येणारे-जाणारे कौतुकही करत. ताराला पहिल्या हंगामात मी शेतभर फिरवले, तेव्हा ती आमच्या सात बांधांपैकी एकावरही थांबली नाही. मला वाटले, कुत्रीत कसर आहे. मग शेजारच्या पडीक रानाच्या कडेने नेले तर ती एका सकाळी तीनदा थांबली. कसर बांधात होती, आणि ती मी केली होती. तित्तिराला जमिनीवर खळगा करून अंडी घालायला गवत लागते, पिल्लांना वाळवी व किडे लागतात, रात्री बसायला बाभूळ-बोरीसारखे काटेरी झाड लागते. यातले काहीच मी शिल्लक ठेवले नव्हते. पीक तेवढे होते, पण पिकात तित्तीर घर करत नाही. तो तिथे चरायला येतो आणि दडायला बांधाकडे पळतो.

त्यानंतर फवारणी पूर्ण बंद केली. गवत कापायचे ते दिवाळीनंतर, आणि एका वर्षी एका बाजूचेच, असे ठरवले. बोरी तोडायच्या नाहीत हे सालदाराला समजावताना वेळ गेला, कारण बोरीच्या काट्यांनी त्याचे धोतर फाटते ही त्याची तक्रार खरी आहे. पहिल्या वर्षी ताराने एका बांधावर पॉइंट दिला, दुसऱ्या वर्षी दोन बांधांवर, आणि मागच्या हंगामात चार. मी हे वहीत तारीख, बांध आणि वारा यांसह लिहून ठेवते. नुसत्या डोळ्यांनी फिरले असते तर ‘पक्षी वाढल्यासारखे वाटतात’ एवढेच म्हणता आले असते.

या गवताची एक किंमत ताराला मोजावी लागते. कुसळ पिकले की त्याचे टोकदार बी केसांत रुतते आणि आतच सरकत जाते. दोन वर्षांपूर्वी एक बी तिच्या पुढच्या पायाच्या बोटांमध्ये शिरले, मला दिसले नाही, आणि चौथ्या दिवशी तिथे गळू झाले. डॉक्टरांना चिरा देऊन ते काढावे लागले. तेव्हापासून घरी आल्यावर ओट्यावर बसून तिचे चारही पंजे, काखा आणि कानांच्या आतला भाग मी बोटांनी चाचपून पाहते. गोचिडीही त्याच वेळी निघतात. अर्धा तास जातो.

यंदा पाऊस उशिरापर्यंत राहिला आणि दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणीही लांबली, त्यामुळे आम्ही बाहेर पडलो तेच दसऱ्यानंतर. काल पाचव्या बांधावर, जिथे आजवर ती एकदाही थांबली नव्हती, तारा थांबली. मी दोरी धरून तिच्यामागे उभी होते. गवतातून आवाज आला नाही, काही हलले नाही. तिला मागे घेऊन आम्ही लिंबाखाली बसलो. पंधरा मिनिटे झाली, वीस झाली, पण कोणीच बाहेर आले नाही. परत निघालो आणि नाल्यापर्यंत पोहोचलो, तेव्हा मागून, पाचव्या बांधाच्या दिशेने, तित्तिराची हाळी सुरू झाली. ताराने मान वळवली. वहीत मी पाचव्या बांधापुढे तारीख लिहिली.