नुसत्या ‘४००’ ऐवजी ओळ आणि रकाना: स्प्रिंग बूटमधील माझा अनुभव

लातूरच्या आडत बाजारातील सोयाबीन व तुरीच्या आवकेच्या नोंदी ठेवणारी एक प्रणाली मी सांभाळतो. दिवसभराचे सौदे मोबाइलवरून एका यादीच्या स्वरूपात, जेसॉन या मजकुराच्या ठरावीक मांडणीत, सर्व्हरकडे येतात. दिवाळीच्या सुमारास आवक वाढली की मुनीमजींचे फोन सुरू होत आणि तक्रार ठरलेली असे: ‘साहेब, नोंद जाईना, नुसतं चारशे दाखवतंय.’ ४०० हा ‘पाठवलेली माहिती चुकीची आहे’ असे सांगणारा सर्व्हरचा संकेतांक.

ही प्रणाली स्प्रिंग बूट या जावा भाषेतील तयार चौकटीवर (फ्रेमवर्कवर) बांधली आहे. तिच्या २.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, नेमके काय चुकले याचा तपशील उत्तरात आपोआप जात नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. सेटिंग बदलून तो दाखवता येतो, परंतु मग मुनीमजींसमोर जावाच्या क्लासची, म्हणजे कोडमधील घटकांची, इंग्रजी नावे येतात, ज्यांचा त्यांना उपयोग नाही आणि जी बाहेर जाण्याचे कारणही नाही. म्हणून मी अपवाद, म्हणजे प्रोग्राम चालताना उद्भवणारी चूक, हाताळणारा स्वतंत्र कोड (हँडलर) लिहिला. जेसॉन वाचणारी जॅक्सन लायब्ररी मूल्याचा प्रकार (तारीख, संख्या वगैरे) न जुळल्यास त्या जागेपर्यंतचा मार्ग अपवादासोबत देते. त्यातून यादीतील क्रमांक आणि रकान्याचे नाव मिळते. क्रमांक शून्यापासून मोजला जात असल्याने त्यात एक मिळवून ‘ओळ ४, दिनांक’ असे दाखवू लागलो.

तरीही फोन थांबले नाहीत, कारण जॅक्सन पहिल्याच चुकीपाशी थांबते. दिनांक सुधारून नोंद पुन्हा पाठवली की दरातील ‘४,५००’ मधला स्वल्पविराम आडवा येई. अखेर दिनांक, दर आणि वजन हे तिन्ही रकाने आत घेताना मजकूर म्हणूनच घेतले आणि तपासणी बीन व्हॅलिडेशन या जावातील तपासणीच्या सोयीकडे सोपवली, जी सर्व चुका एकदम गोळा करते. मात्र यादीतील प्रत्येक नोंद तपासली जावी यासाठी ‘व्हॅलिड’ हे चिन्ह यादीवरही लावावे लागते, आणि मजकूर ठरावीक साच्यात आहे का हे पाहणारी ‘पॅटर्न’ची अट रिकाम्या, म्हणजे ‘नल’, मूल्याला बिनबोभाट सोडून देते, त्यामुळे सोबत कोरे मूल्य नाकारणारे ‘नॉटब्लँक’ हवेच. संदेश मराठी प्रॉपर्टीज फाइलमध्ये ठेवले. जिथे माणूस टंकत नाही, दुसरी प्रणालीच माहिती पाठवते, तिथे इतका खटाटोप मी करणार नाही. मार्ग दाखवणारा हँडलर पुरेसा आहे.

खरी धास्ती मला न दिसणाऱ्या चुकांची वाटते. रकाना पूर्णांकाचा असेल, तर जॅक्सन मूळ सेटिंगनुसार १२.५ क्विंटलचे गुपचूप १२ करते. अर्धा क्विंटल गेला तरी उत्तर ‘यशस्वी’च असते. अनोळखी नावाचा रकानाही स्प्रिंग बूट मुकाट्याने वगळते, त्यामुळे नावातील एका अक्षराच्या फरकाने वजन कोरे राहू शकते. पहिली सवलत मी सरसकट बंद केली. दुसरी बंद करताना ॲपच्या जुन्या आवृत्त्या जास्तीचे रकाने पाठवतात का, हे आधी पाहावे लागले.

चूक कळवणाऱ्या उत्तराचा साचा स्प्रिंग ६ (स्प्रिंग बूटच्या मुळाशी असलेली चौकट) मधील ‘प्रॉब्लेम डिटेल’चा घेतला, जो आरएफसी ९४५७ या २०२३ च्या इंटरनेट मानकाशी जुळतो. जेसॉनच अर्धवट तुटलेले आले, तर रकाना खात्रीने सांगता येत नाही. फार तर मजकुरातील ओळ आणि स्थान मिळते. ते मी लॉगमध्ये ठेवतो आणि मुनीमजींना ‘नोंद अपुरी पोहोचली, पुन्हा पाठवा’ एवढेच दाखवतो.