रोजच्या सायकलला स्टँड कुठला?

दुकानात जाऊन ‘एक स्टँड द्या’ म्हणण्याआधी सायकल भिंतीला टेकवा आणि तिच्या डाव्या अंगाला खाली बसा. पॅडलच्या एक्सलपासून मागच्या चाकाच्या एक्सलपर्यंत जो आडवा पाइप जातो, तो चेनस्टे. त्याच्या मागच्या टोकाशी आटे पाडलेली दोन भोकं शेजारी शेजारी दिसतात का, ते बघा. दिसली तर पट्टीने मोजा. मध्यापासून मध्यापर्यंत १८ मिमी भरलं तर केएसए-१८ स्टँड लागेल, ४० मिमी भरलं तर केएसए-४०. हे स्टँड सरळ फ्रेमवर बोल्टने बसतात. कशालाही चिमटीत पकडत नसल्यामुळे ते सरकत नाहीत आणि पाइपही चेपत नाहीत. फ्रेममध्ये अशी सोय असेल तर दुसरा कुठलाही स्टँड बघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

भोकं नसतील तर पॅडलच्या एक्सलमागे बघा. तिथे दोन चेनस्टेंच्या मधोमध भोक असलेली वेल्ड केलेली चपटी पट्टी असेल, तर ती सेंटर स्टँडसाठीच, म्हणजे मधोमध बसणाऱ्या एका पायाच्या स्टँडसाठी, दिलेली असते. १० मिमीचा एकच बोल्ट, वर एक प्लेट, काम झालं. पट्टी नसतानाही हाच स्टँड बसवून देतात. मग वरची आणि खालची प्लेट मिळून दोन्ही चेनस्टे आवळून धरतात आणि भानगडींना सुरुवात होते. हल्लीच्या ॲल्युमिनियम फ्रेमचे पाइप मधल्या भागात पातळ असतात. स्टँड हलतोय म्हणून मेकॅनिक बोल्ट पिळत राहतो आणि पाइपला खळगा पडतो. असा खळगा दुरुस्त होत नाही, तिथूनच पुढे चीर जाते. कार्बन फ्रेमला तर आवळणारा कुठलाही स्टँड लावूच नका.

पट्टी नसलेल्या स्टीलच्या फ्रेमला सेंटर स्टँड लावायचाच असेल, तर प्लेट आणि पाइप यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. आवळण्याआधी चेनस्टेच्या खालून गिअरची किंवा ब्रेकची केबल जात नाही ना, हे बोटाने चाचपून बघा. केबल प्लेटखाली चेपली की गिअर अडखळायला लागतात आणि दोष मात्र गिअरवर जातो. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे बोल्टची लांबी. बोल्ट लांब असला तर त्याचं टोक वरच्या प्लेटमधून निघून टायरकडे जातं. रिकाम्या सायकलवर फट दिसते, पण टायर रुंद असेल किंवा मडगार्ड असेल तर तेवढी जागा उरत नाही. चाक फिरवून बघा, टोक लागत असेल तर जादा बोल्ट हॅकसॉने कापा आणि कानस मारा.

तिसरा प्रकार म्हणजे मागे चेनस्टे आणि सीटकडून मागच्या एक्सलकडे खाली येणारा पाइप, असे दोन्ही पकडणारा साइड स्टँड. लांबी कमीजास्त करता येणारा हा स्टँड बाजारात सगळ्यात सहज मिळतो. साध्या रिम ब्रेकच्या सायकलला चालतो. मागे डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) नेमका त्याच कोपऱ्यात असतो, त्यामुळे घेण्याआधी सायकलवर धरून बघा. या प्रकाराचा खरा धोका बोल्ट ढिला झाल्यावर कळतो. स्टँड स्वतःभोवती फिरत आत येतो आणि चालत्या चाकाच्या स्पोकमध्ये घुसतो. आट्यांना निळं लॉकटाइट (बोल्ट ढिला होऊ न देणारा डिंक) लावा आणि आठवड्याला एकदा पाना फिरवून बघा. चालवताना टाच घासतेय का, हेही दुकानासमोरच एक चक्कर मारून ठरवा.

आता वजन. ऑफिसची बॅग, डबा, रेनकोट, लॅपटॉप हे सगळं मागच्या कॅरिअरवर असेल, तर सेंटर स्टँड कमी पडतो. आधार पुढे, भार मागे, त्यात पुढचं चाक फिरलं की सायकल आडवी. मागे बसणारा स्टँड भाराच्या जवळ असतो, म्हणून कॅरिअरवाल्यांनी तोच घ्यावा. पुढे बास्केट असेल तर उलट त्रास होतो. थांबल्यावर हँडल वळतं आणि सायकलला ओढून नेतं. त्यावर फ्रेमचा खालचा पाइप आणि पुढचा चिमटा यांच्यामध्ये लावायची स्प्रिंग मिळते, ती हँडल सरळ धरते.

भार खरंच जास्त असेल तर डबल स्टँडला तोड नाही. स्टेशनबाहेर डबेवाल्यांच्या सायकली बघा. काळी स्टीलची फ्रेम, दोन पायांचा जाड स्टँड, मागचं चाक जमिनीवरून उचललेलं. कॅरिअरला आणि हँडलला डबे लटकत असतानाही सायकल सरळ उभी राहते, कारण ती एका बाजूला कललेलीच नसते. चेनला तेल घालायलाही हा स्टँड सोयीचा. जड असतो आणि हलक्या गिअर सायकलींना सहसा बसत नाही, एवढंच.

लांबीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. स्टँड लांब पडला तर सायकल जवळजवळ सरळ उभी राहते आणि बाजूच्या स्कूटरचा धक्का लागताच उजवीकडे कोसळते. आखूड पडला तर ती फार झुकते, सगळा भार स्टँडवर येतो आणि हँडल वळतं. साधारण १० ते १५ अंशांचा कल ठीक. न कापता येणारा स्टँड असेल तर चाकाच्या मापाचाच घ्या, २६ इंची चाकाचा स्टँड ७००सी या त्याहून मोठ्या चाकाला तोकडा पडतो. कापता येणारा असेल तर आधी रोजचं सामान लावा, टायरमध्ये पूर्ण हवा भरा आणि दोन्ही चाकांखाली सारख्या जाडीच्या फळ्या सरकवत जा. कल मनासारखा झाला की फळ्यांची जाडी मोजा. साधारण तेवढाच पाय कापायचा, पण पहिल्या खेपेला त्याहून ५ मिमी कमीच कापा. कापलेलं परत जोडता येत नाही.

मुंबईत सपाट जागा मिळणं हीच अडचण. सोसायटीच्या रॅम्पवर सायकल लावताना तोंड चढाकडे ठेवा. तोंड उताराकडे असेल तर सायकल पुढे सरकते आणि स्टँड आपोआप मागे दुमडतो. जुन्या ट्यूबची गोल कडी कापून, ब्रेक दाबून, ती ब्रेकच्या दांडीवर आणि हँडलच्या मुठीवर मिळून चढवली की पार्किंग ब्रेक तयार. स्टँड लावलेली सायकल मागे ओढू नका. मागे ढकलताना पॅडल उलटं फिरतं, सेंटर स्टँड असेल तर डावा क्रँक (पॅडलची दांडी) त्यावर आपटतो आणि स्टँडचा ओतीव भाग तुटू शकतो. आणि स्टँडवर उभ्या सायकलच्या सीटवर बसून फोनवर बोलत राहायचं, ही सवय तर कुठलाच स्टँड फार काळ सोसत नाही.

पेव्हर ब्लॉकच्या फटीत आणि मे महिन्यात मऊ पडलेल्या डांबरात बारीक टोक रुतून बसतं, म्हणून रुंद रबरी बूट असलेला स्टँड घ्या. बूट निघून हरवतो, तेव्हा येतानाच एक जादा उचला. बूट नसलेला ॲल्युमिनियमचा पाय काँक्रीटवर घासून झिजतो आणि लांबी आपोआप कमी होत जाते.

पावसाळ्याआधी सांध्यात आणि स्प्रिंगवर तेलाचे दोन थेंब सोडा, पाऊस संपल्यावर पुसून पुन्हा सोडा. खाऱ्या हवेत सगळ्यात आधी स्प्रिंग गंजते. ती गंजून सैल पडली की खड्ड्यात आदळताना स्टँड खाली लोंबतो, आणि डाव्या वळणावर तो जमिनीला लागला तर सायकल उचलली जाते. ढिला पडलेला स्टँड सुतळीने बांधून फिरण्यापेक्षा स्प्रिंग बदला, नाही मिळाली तर स्टँडच बदला.