कॅप्टनला फेरीनं पाठवलं तो शुक्रवार

उन्हाळ्यात मी ग्रीसमध्ये लाव्रिओ बंदरातून चार्टर बोटींवर स्किपर म्हणून जातो. शनिवारी संध्याकाळी पाहुणे चढतात आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी बोट परत धक्क्याला लागलेली हवी. मधले दिवस सिक्लाडीझ बेटांत. लोकांना वाटतं, शिडं सांभाळणं हे माझं काम. प्रत्यक्षात ते निम्मं प्लंबरचं असतं आणि निम्मं ‘नाही’ म्हणणाऱ्याचं. संडासात कागद टाकायचा नाही. गोड्या पाण्यानं वाटेल तेव्हा अंघोळ करायची नाही. आणि सँटोरिनीला जायचं नाही.

या शेवटच्या ‘नाही’वर दर आठवड्याला वाद होतो. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. नकाशावर बोट ठेवून म्हणतात, दोन दिवसांत तर पोचू. पोचाल हो, जाताना वारा पाठीशी आहे. येताना तोच वारा तोंडावर घेऊन, बोट आपटत आपटत, दुप्पट वेळ लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून जो वारा वाहतो त्याला इथं मेल्टेमी म्हणतात. बाल्कनवर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानवर कमी, या उतारावरून तो खाली येतो. तुर्कस्तानवरचा तो कमी दाब म्हणजे आपल्याच मॉन्सूनच्या पट्ट्याचं इराणवरून पसरत आलेलं शेपूट. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना हे सांगितलं की फार आवडतं, पण धोका मात्र पटत नाही. कारण आपल्याकडे वादळ म्हणजे काळं आभाळ. इथं आभाळ निळंशार, एक ढग नाही, लांबची बेटं कोरल्यासारखी दिसताहेत, आणि वाऱ्याचा काटा तीस नॉट, म्हणजे ताशी तीस सागरी मैल, दाखवतोय.

त्या आठवड्यात पाहुणे माझेच मित्र होते. मधला आठवडा रिकामा राहिला म्हणून कंपनीनं भाडं उतरवलं, आणि किती तरी वर्षं नुसतं ‘येऊ, येऊ’ म्हणणारे दोघं एकदाचे सपत्नीक आले. एक सांगलीचा, बँकेत आहे. दुसऱ्याला सगळे कॅप्टनच म्हणतात, कारण तो आहेच. नेरूळला टी. एस. चाणक्य या मर्चंट नेव्हीच्या प्रशिक्षण संस्थेत आम्ही एका बॅचला होतो. मी सेकंड ऑफिसर असताना मर्चंट नेव्ही सोडली. तो टिकला आणि आज तीनशे मीटर लांबीच्या टँकरवर कमांड करतो. माझी बोट चव्वेचाळीस फुटांची.

पहिले दिवस झकास गेले. किथनॉसला कोलोनाच्या वाळूच्या दांड्यापाशी नांगर टाकला. पट्टीसारखी अरुंद वाळू, दोन्ही बाजूंना पाणी, आणि कॅप्टन लहान पोरासारखा या पाण्यातून त्या पाण्यात. पुढे सेरिफोस, तिथून सिफनॉस. सिफनॉसला हरभऱ्याचं ते रात्रभर भट्टीत शिजवलेलं कालवण खाऊन बँकवाल्याच्या बायकोनं ‘यात फक्त गोडा मसाला हवा होता’ असा शेरा दिला. बुधवारी रात्री अंदाज बदलला. गुरुवारपासून वाऱ्याचा जोर बोफर्टच्या मापानं सात, काही ठिकाणी आठ. मी परतीची वाट धरली आणि गुरुवारी दुपारी सेरिफोसच्या लिवादी बंदरात शिरलो.

इथं जरा धंद्यातलं सांगावं लागेल. आपल्याला वाटतं, डोंगराच्या आडोशाला वारा कमी असणार. मेल्टेमीत बऱ्याचदा उलट होतं. वारा डोंगरावर चढतो आणि पलीकडच्या उतारावरून धाडकन खाली कोसळतो. लिवादीत हे अगदी पक्कं. पाणी सपाट, पण झोत असे येतात की टेबलावरचं ताट उडावं. आणि इथं धक्क्याला बोट आडवी लावत नाहीत. पन्नास-साठ मीटर अलीकडे पुढून नांगर टाकायचा आणि साखळी सोडत सोडत उलटं धक्क्यापर्यंत जायचं. उलट जाताना दोन नॉटचा वेग आल्याशिवाय सुकाणूला पाणी लागत नाही. तोवर नाक वारा नेईल तिकडे जातं. म्हणून एकदा निघालं की थांबायचं नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे भलतंच बेफाम वाटतं.

मी उलट निघालो होतो. बँकवाला पुढे विंडलासच्या, म्हणजे नांगराची साखळी सोडणाऱ्या-ओढणाऱ्या यंत्राच्या, बटणावर, साखळी छान सुटत होती. तेवढ्यात झोत आला, नाक कलायला लागलं आणि कॅप्टन मधूनच ओरडला, “साखळी धर! इंजिन पुढे घे!”

आवाज असा की त्यावर बटण आपोआप सुटावं. बँकवाल्यानं सोडलं. साखळी ताणली, वेग मेला, बोट आडवी झाली आणि शेजारच्या फ्रेंच कुटुंबानं आपापले फेंडर, म्हणजे टक्कर झेलणारे फुगे, हातात घेतले. मी पुढे काढली, नांगर उचलला, पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. कुठं ओरखडाही आला नाही. कॅप्टन म्हणाला, “सॉरी रे, सवयीनं गेलं तोंडातून.” त्यानं जे सांगितलं ते त्याच्या जहाजाला बरोबरच होतं. तिथं टग असतात, पायलट असतो, पुढे नांगरावर चीफ ऑफिसर आणि बोसन असतात, आणि थांबायला वेळ असतो.

संध्याकाळी कंपनीच्या ऑफिसातून फोन. शनिवारी पुढचे पाहुणे आहेत, बोट शुक्रवारी लागलीच पाहिजे. शेवटी ‘अर्थात सुरक्षितता पहिली’ हे वाक्यही म्हटलं गेलं, कारण ते म्हणायचं असतं. एसीत बसून वाऱ्याचं अ‍ॅप बघणाऱ्यांबद्दल माझं मत मी इथं लिहीत नाही. बोट बेटावर सोडता येते, पण ती आणण्याचा खर्च पाहुण्यांच्या डिपॉझिटमधून जातो. लाव्रिओ तिथून चाळीसेक सागरी मैल, वारा जवळजवळ समोरून. रात्री मेल्टेमी बहुधा थोडा बसतो. पहाटे तीनला निघालो तर उन्हं चढायच्या आत किथनॉसच्या पश्चिम किनाऱ्याखाली शिरता येत होतं.

मी जेवताना सांगितलं, सगळ्यांनी यायची गरज नाही. बोट न्यायला दोन माणसं पुरतात. बाकीच्यांनी शुक्रवारच्या फेरीबोटीनं अथेन्सच्या पिरेअस बंदराला जावं, शनिवारी विमान आहे. वहिनींना, म्हणजे कॅप्टनच्या बायकोला, सिफनॉसहून येतानाच उलट्यांनी बेजार केलं होतं, आलेपाकाचं अख्खं पाकीट संपलं होतं.

“मग मी थांबतो तुझ्याबरोबर,” कॅप्टन म्हणाला. ते गृहीतच होतं त्याच्या बोलण्यात.

मी म्हणालो, “तू वहिनींबरोबर जा. हा येईल माझ्याबरोबर.”

बँकवाल्याचा घास हातातच राहिला. त्याच्या बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मी तिचं कर्ज नामंजूर केलंय. कॅप्टन दोन सेकंद गप्प होता. मग म्हणाला, “ओके. बोट तुझी आहे.” आणि फेरीच्या वेळा बघायला लागला.

त्या रात्री ते तिघं वर खोली घेऊन राहिले. पहाटे तीनला दोर सोडायला कॅप्टन धक्क्यावर हजर. हातात टॉर्च. म्हणाला, “संध्याकाळी ते कॅटमरान आलं ना, त्यानं साखळी तुझ्यावरून टाकलीय. मी बघत होतो. साधारण तीस मीटरवर अडकेल.”

तीस मीटरवरच अडकली. विंडलास कण्हायला लागलं आणि आमच्या नांगराबरोबर त्यांची शेवाळलेली साखळी पाण्यावर आली. हे सोडवायचं एक तंत्र आहे आणि ते मला जमतं, हे सांगायला मला संकोच नाही. पुढच्या खुंट्याला दोराचं एक टोक बांधायचं, दुसरं टोक त्यांच्या साखळीखालून काढून परत त्याच खुंट्यावर घ्यायचं, म्हणजे त्यांची साखळी दोराच्या झोळीत लटकते. मग आपला नांगर मीटर-दोन मीटर खाली सोडायचा. तो साखळीतून निसटतो. नाक बाजूला घ्यायचं, नांगर वर, आणि शेवटी दोराचं एक टोक सोडून द्यायचं की त्यांची साखळी तळाला. बोटं मध्ये आली तर बोटं जातात. हे सगळं मी पुढे पालथा पडून करत होतो, आणि सुकाणूवर सांगलीच्या बँकेचा अधिकारी. मी म्हणालो ‘पुढे’, त्यानं पुढे घेतली. ‘न्यूट्रल’, न्यूट्रल. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. धक्क्यावरून टॉर्चचा झोत मात्र बरोबर माझ्या हातांवर. मी हात सरकवला की झोत सरकत होता. त्यानं तोंडातून अक्षर काढलं नाही.

तिसरा माणूस तेव्हा बोटीवर हवा होता. तो वीस मीटरवर उभा होता.

पुढचा प्रवास जसा व्हायचा तसाच झाला. मुख्य शीड दुसऱ्या रीफपर्यंत आखडलेलं, इंजिन चालू. सेरिफोस आणि किथनॉसच्या मधल्या पट्ट्यात लाटा नाकावरून थेट अंगावर. किथनॉसच्या आडोशाला दोन तास बरे गेले, केआ ओलांडताना पुन्हा तीस नॉट. बँकवाला दोनदा ओकला आणि दोन्ही वेळा आधी मला विचारून सुकाणू सोडलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास लाव्रिओला लागलो. ऑफिसातली मुलगी यादी घेऊन आली आणि एक चमचा कमी भरला.

रात्री अथेन्सला सगळे जेवायला भेटलो. कॅप्टननं विचारलं ते सगळं कामाचं: वाऱ्याविरुद्ध नागमोडी जाताना किती टॅक (वळणं) घेतले, केआपाशी लाट किती होती, तीस मीटरचा अंदाज बरोबर होता का. होता, म्हणालो. त्याला का पाठवलं हे त्यानं विचारलं नाही. वहिनींनी विचारलं, तो बिल द्यायला उठला तेव्हा.

“भावजी, यांना मुद्दाम पाठवलंत ना?”

“तुम्हाला सोबत नको का?”

“मला नको होती सोबत. फेरीत मी झोपले होते. हे पूर्ण वेळ बाहेर डेकवर उभे, तुमची बोट दिसते का बघत.”

एका बोटीवर दोन हुकूम चालत नाहीत, हे मी कोणालाही छातीठोक सांगेन, आणि दुपारचं उदाहरण ताजंच होतं. पण ते एकच कारण असतं तर मी ते त्याला तोंडावर सांगितलं असतं. चाणक्यवर तो माझ्या पुढेच असायचा. वहिनींचं निमित्त मी इतक्या चटकन कसं पुढे केलं, हे मला अजून नीट लावता येत नाही.

पुढच्या वर्षी परत येतो म्हणाला आहे. मी जूनच्या तारखा कळवल्या, तेव्हा मेल्टेमी सहसा इतका जोर धरत नाही. त्याचं लगेच उत्तर आलं, त्याला जुलै हवाय.