पेडल शेवटी कडक लागलं

रविवार, रात्रीचे साडेअकरा

तीनदा साबण लावून झाला तरी बोटांना ब्रेक ऑइलचा वास येतोच आहे. जेवताना आईने विचारलं पण मी काही बोलले नाही, बाबाच म्हणाले, "आज पेडल लागलं." तिला काय कळायचं ते कळलं, तिने मला अजून एक भाकरी वाढली. झोप येणार नाही आज, म्हणून लिहून ठेवते. मी आणि बाबा घरी बनवतोय त्या गाडीचं गेल्या तीन आठवड्यांत एवढं काही झालंय की नंतर क्रम आठवणार नाही.

गाडीला भेटलेला प्रत्येक माणूस पहिला प्रश्न इंजिनचाच विचारतो. कुठलं बसवलंय, किती सीसी, किती पळणार. ओम्नीचं ७९६ सीसी म्हटलं की चेहरा पडतो. पण मला विचाराल तर इंजिन बसवणं हा सोपा भाग होता, चार माउंट आणि मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रॉपशाफ्टची लाइन. गाडी खरी तयार झाली ती आत्ता, या पट्ट्या, वायसर आणि पाइपांमध्ये, जे कुणाला बाहेरून दिसणारसुद्धा नाही.

आकार १९५७ च्या लोटस सेव्हनच्या धर्तीचा आहे. चौकोनी पाइपांची चेसी, पुढे डबल विशबोन म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन त्रिकोणी दांडे, मागे ओम्नीचाच अखंड ॲक्सल पण पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग आणि तो जागेवर धरायला चार लिंक. पुण्यात नऱ्ह्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दीड वर्ष चाललंय हे. रस्त्यावर ती कधीच जाणार नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे, कारण घरी बनवलेल्या गाडीला नुसतं आरटीओत नेऊन नंबर मिळत नाही, आधी एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून प्रोटोटाइप पास करून घ्यावा लागतो. वेताळ टेकडीवरून फिरून येताना ती एआरएआयची भिंत बघते आणि मनात म्हणते, बघू कधीतरी. तोवर बंद आवारात चालवायची. पण बंद आवारात चालवायची म्हणून ब्रेक कसेही चालतील असं मी एक दिवसही धरलं नाही. नऱ्ह्यात राहणाऱ्या माणसाला ते जमणारच नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आमच्या शेजारीच आहे, २० नोव्हेंबर २०२२ ला रात्री एका अवजड गाडीने तिथे चाळीसच्या वर गाड्या उडवल्या होत्या. ते आवाज, त्या ॲम्ब्युलन्स लक्षात आहेत. उतारावर गाडी न्यूट्रलला सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि मग कितीही पाय दाबा.

तर सुरुवात स्प्रिंगपासून. इथे माझी मोठी चूक झाली आणि ती लिहून ठेवलीच पाहिजे. पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने उचलायचं वजन साधारण १०५ किलो, मला चाकाजवळ १२ न्यूटन पर मिमी एवढा कडकपणा हवा होता. पण स्प्रिंग ज्यावर असते तो शॉकअप काही चाकावर बसत नाही, तो खालच्या विशबोनवर मध्येच कुठेतरी बसतो, चाक १ मिमी हललं तर शॉकअप ०.६५ मिमी, असं प्रमाण माझ्याकडे आलं. मी १२ ला ०.६५ ने भागलं, साडेअठराची स्प्रिंग करून आणली, बसवली, जॅक सोडला आणि नाक खाली गेलं ते गेलंच. मोजलं तर ठरवल्यापेक्षा साडेचार सेंटीमीटर खाली. कागदावर रात्रभर शोधलं तेव्हा सापडलं की भागायचं असतं ते प्रमाणाच्या वर्गाने, कारण तरफेमुळे बलही कमी होतं आणि हालचालही कमी होते, दोन्हीकडून मार बसतो. ०.६५ चा वर्ग ०.४२, म्हणजे स्प्रिंग हवी २८ च्या आसपास. दोन स्प्रिंगचे पैसे गेले. भोसरीत पुन्हा नव्या करून घेतल्या, तारेची जाडी वाढवून चार दिवसांत मिळाल्या.

मग बंप स्टिअर. यावर मी दोन आठवडे घालवले आणि परत वेळ आली तर परत घालवीन. रस्त्यावर खड्डा आला, चाक वर गेलं, तर स्टिअरिंग न हलवता चाकाने स्वतःहून वळू नये, एवढंच आहे ते. पण टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, आणि विशबोन वेगवेगळ्या वर्तुळात फिरत असतील तर चाक वर जाताना टाय रॉड त्याला ओढतो किंवा ढकलतो. नुसतं उभं राहून बघितलं तर काही म्हणजे काही कळत नाही.

मोजायची पद्धत बाबांनी बसवली. स्प्रिंग काढून टाकली, स्टिअरिंग मध्यावर आणून टाय रॉड सरकवणारा दातेरी रॅक बांधून ठेवला, हबला, म्हणजे चाक बसतं त्या भागाला, चाकाऐवजी ४०० मिमीचा प्लायचा तुकडा नटने कसला. त्याच्यासमोर एक सरळ फळी ओळंब्याने उभी केली, तो ओळंबा आमच्या घराच्या बांधकामाच्या वेळचा आहे, पितळी, दोरी मात्र दरवेळी नवी. खालच्या विशबोनखाली जॅक, दहा-दहा मिलिमीटरने वर घ्यायचं आणि दरवेळी प्लायच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून फळीपर्यंतचं अंतर व्हर्नियरने वाचायचं. मी जमिनीवर आडवी, बाबा स्टुलावर वही घेऊन. पुढे आकडा वाढतोय आणि मागे कमी होतोय म्हणजे चाक तोंड आत वळवतंय, उलट असेल तर बाहेर.

पहिल्या दिवशी ४० मिमी वर नेल्यावर साडेतीन मिमी बाहेर, आणि तेवढंच खाली सोडलं तर जवळजवळ तेवढंच आत. बाबांनी आकडे आलेखाच्या कागदावर टाकले तर सरळ तिरकी रेघ आली. वक्र आली असती तर टाय रॉडची लांबी चुकली, तिरकी आली म्हणजे उंची चुकली. माझा रॅक ॲक्सलच्या मागे आहे, त्या हिशोबाने तो खाली बसला होता. रॅकच्या ब्रॅकेटखाली २ मिमीची पट्टी टाकली, साडेतीनचे अडीच झाले. अजून एक, दीड. तिसरी टाकली आणि ०.६. चौथीसाठी मी पट्टी हातात घेतली होती, बाबा म्हणाले, "आता थांब, हे तुझ्या बॉल जॉइंटच्या खेळातलं आहे." बरोबर होतं ते, मी विशबोनच्या टोकाचा बॉल जॉइंट हलवून बघितला, तेवढा सैलपणा होताच. सहा मिलिमीटर. माझ्या करंगळीच्या नखाच्या रुंदीपेक्षाही कमी. एवढ्यासाठी ही गाडी खड्ड्यात आपणहून बाजूला गेली असती.

वजनाचं काम मला सगळ्यात आवडलं. बाथरूममध्ये ठेवतात तसे चार काटे, १८० किलोपर्यंतचे, शेडमधली फरशी तिरकी म्हणून खाली लाद्या आणि पत्र्याचे तुकडे देऊन पाण्याच्या नळीने लेव्हल केले आणि प्रत्येक चाक एकेका काट्यावर. मी बसले तर शॉकअपवरची स्प्रिंग वर-खाली करायची रिंग फिरवणार कोण, म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर बाबा. माझ्यापेक्षा ते तीन किलो जास्त, चालतंय. पुढे डावीकडे १३१, उजवीकडे १४८, मागे डावीकडे १५२, उजवीकडे १३१. एकूण ५६२. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ३००, म्हणजे एका कर्णावर ५३ टक्के. अशी गाडी डावीकडे एक वळते आणि उजवीकडे एक. खुर्चीचा एक पाय आखूड असल्यासारखं. पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या शॉकअपची रिंग थोडी थोडी वर घेत गेले. मजा अशी की रिंगने पुढचं-मागचं वजन बदलत नाही, डावं-उजवंही बदलत नाही, फक्त तिरकं बदलतं. शेवटी १३९, १४०, १४४, १३९. बेरीज तीच. बाबा दोन तास सीटवर हात मांडीवर ठेवून हललेसुद्धा नाहीत, कंबर दुखत असणार, मी दोनदा म्हटलं उतरा थोडं, तर "परत बसलो की काटा बदलेल" म्हणाले.

आणि ब्रेक. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाहीये, म्हणून पायातलं बळ तेवढंच वापरायचं. पेडल दाबलं की ऑइलवर दाब देणारे दोन मास्टर सिलेंडर, एक पुढच्या चाकांचा एक मागच्या, मध्ये दोघांत जोर वाटणारा बॅलन्स बार. आधी पाऊण इंची लावले होते तर पेडल दगड. पाच अष्टमांश इंची लावले, त्याच पायाच्या जोरात दाब १.४४ पट, बदल्यात पेडल तेवढंच जास्त खाली जातं. नाना पेठेत मिळाले, तिसऱ्या दुकानात. पाइपाची टोकं मी स्वतः डबल फ्लेअर केली, म्हणजे दुहेरी दुमडून रुंदावली, कारण आधी एका ठिकाणी करून आणलेली सिंगल निघाली आणि जोडावर घाम आल्यासारखं ऑइल दिसलं. ते ऑइल थेंबभर चेसीवर पडलं तिथला रंग तासाभरात सुरकुतला.

काल सकाळी ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायला बसलो. मास्टरपासून लांबच्या चाकाने सुरुवात, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. बाबा पेडलवर, मी चाकापाशी हवा सोडायच्या निपलवर, पारदर्शक नळी बाटलीत बुडवून. "दाब." "धरलंय." उघड, बंद. "सोड." मागचे ड्रम झाले छान. पुढे मात्र बुडबुडे संपले तरी पेडल स्पंज. डॉट फोर ब्रेक ऑइलच्या दोन बाटल्या संपल्या. दुपारी परत, तेच. संध्याकाळी मी सगळे जोड पुसून, टिश्यू लावून तपासले, कुठेच गळती नाही. मला रडू यायचं बाकी होतं.

आज सकाळी बाबा चहा घेऊन चाकापाशी उकिडवे बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, निपल खाली का आहे?"

बघितलं तर खरंच खाली. विशबोनला लागत होतं म्हणून मी कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, हबच्या मागच्या बाजूकडून पुढच्या बाजूला घेतलं होतं, आणि बाजू बदलली की कॅलिपर उलटं होतं. हवा कायम वर जाते, कॅलिपरच्या वरच्या कोपऱ्यात तो बुडबुडा आरामात बसला होता आणि मी खालून ऑइल काढत होते. डावं कॅलिपर उजवीकडे, उजवं डावीकडे, झालं. एका तासात बदलले. पुढच्या डाव्या निपलमधून आधी मोठा ढेकर आल्यासारखी हवा, मग फेस, मग स्वच्छ पिवळसर धार. बाबांनी पाय दाबला आणि म्हणाले, "ये, तू दाब." मी दाबलं. एक इंच, आणि मग भिंत. मी उतरलेच नाही काही वेळ, नुसतं दाबत होते.

दुपारी उरळीजवळ मित्राच्या गोडाऊनच्या आवारात घेऊन गेलो, टेम्पोत चढवून. रविवार म्हणून आवार रिकामं. तीसचा वेग, पूर्ण ब्रेक. पहिल्यांदा मागची चाकं आधी लॉक झाली आणि शेपूट सरकली, हलकंच, पण सरकली. मागची आधी लॉक झाली की गाडी गिरकी घेते, म्हणून बॅलन्स बार पुढच्या बाजूला एक फेरा. परत. अजून अर्धा फेरा. मग पुढची दोन्ही आधी लॉक झाली आणि गाडी सरळ रेषेत थांबली, सीटबेल्ट खांद्याला रुतला.

बाबा टेप घेऊन टायरच्या काळ्या पट्ट्यांपाशी वाकलेच होते. डावीकडची पट्टी जिथे सुरू होते त्याच्यापुढे ४० सेंटीमीटरवर उजवी सुरू होते. त्यांनी दोन्ही ठिकाणी खडूने खूण केली. कॅलिपर बदलताना उजव्या पॅडला माझ्या हाताचं ऑइल लागलं असावं. उद्या ऑफिसनंतर ते चाक काढायचंय, बाबांनी पॉलिशपेपर आत्ताच टूलबॉक्सवर काढून ठेवलाय.