खोलीच्या उंबरठ्यावर

रविवार, रात्री उशिरा

आंद्रेई तारकोव्हस्कीचा १९७९ सालचा 'स्टॉकर' आज पुन्हा पाहिला. याला विज्ञानपट का म्हणायचं, असा प्रश्न पडावा. यान नाही, परग्रहवासी नाहीत. ओल धरलेल्या भिंती, गवत, साचलेलं पाणी आणि भिजलेले तीन पुरुष, तेही अडीच तासांहून जास्त. मधे डोळा लागला तरी स्वतःला माफ करावं.

'झोन' नावाचा एक प्रतिबंधित प्रदेश. त्याच्या पोटात एक खोली. तिथे जाणाऱ्याची इच्छा पूर्ण होते म्हणतात. एक वाटाड्या एका लेखकाला आणि एका प्राध्यापकाला जिवावर उदार होऊन तिथवर नेतो. आणि दोघेही उंबरठ्यावरच बसून राहतात.

त्यांना अडवते ती साळिंदराची गोष्ट. साळिंदर हे वाटाड्याच्या गुरूचं टोपणनाव. त्याच्यामुळे त्याचा भाऊ झोनमध्ये मेला. भाऊ परत मिळावा म्हणून तो खोलीत गेला, रडला, भीक मागितली. घरी आला तर पैसाच पैसा. थोड्याच दिवसांत त्याने गळफास घेतला. लेखकाला त्यातली मेख कळते: ओठांवर काय आहे ते खोली ऐकतच नाही. तळाशी जे आहे तेच देते.

विज्ञानपटातलं अध्यात्म म्हटलं की लोक लगेच 'मेट्रिक्स' काढतात. माया, जागृती वगैरे. तिसऱ्या भागाच्या शेवटी तर संगीतात चक्क 'असतो मा सद्गमय' आहे. मला त्यात फारसं हाती लागत नाही. जग खोटं आहे हे कळल्यावर नायक हवेत उडू लागतो, म्हणजे आणखी एक सिद्धीच मिळवली की! साळिंदराला मात्र स्वतःचं मन जसं आहे तसं दिसलं, आणि ते त्याला सोसलं नाही.

आज पाहताना सारखं पसायदान आठवत होतं. 'जो जें वांछील तो तें लाहो' हे आपण किती सहज म्हणून टाकतो. पण ज्ञानेश्वर तिथवर एकदम येत नाहीत. आधी खळांची व्यंकटी सांडू दे, सत्कर्माची आवड वाढू दे, दुरिताचा अंधार जाऊ दे, आणि मग ज्याला जे हवं ते मिळू दे. हा क्रम उगाच नसावा. झोनमधल्या खोलीला तो क्रमच नाही. वाकडेपणा तसाच, आणि हवं ते मात्र लगेच हजर. प्राध्यापक ती उडवून द्यायला पिशवीतून बॉम्ब घेऊन येतो, यात मला वेडेपणा वाटत नाही. शेवटी तो बॉम्ब सुटा करून पाण्यात फेकतो, तेही पटतं.

तारकोव्हस्कीच्याच 'सोलारिस'मध्ये (१९७२) न मागताच मिळतं. तिथल्या ग्रहावरचा महासागर माणसांच्या मनातलं शोधून त्यांच्यापुढे जिवंत उभं करतो. नायक क्रिसची बायको हारी, जिने आत्महत्या केली होती, ती समोर येऊन बसते. तो काय करतो? तिला अग्निबाणात बसवून अवकाशात पाठवून देतो. ती परत येते. इतकी वर्षं जिच्यासाठी झुरला, तिच्या येण्याची पहिली प्रतिक्रिया ही! मला यात क्रौर्यापेक्षा भीती जास्त दिसते.

पण आज खरी लक्षात राहिली ती वाटाड्याची बायको. तो हरून घरी येतो, कुणाचाच विश्वास उरला नाही म्हणून रडतो. ती म्हणते, मी येते तुझ्याबरोबर. तो नको म्हणतो, तुझ्या बाबतीतही काही झालं नाही तर? म्हणजे खोलीवर एवढी श्रद्धा असलेला हा माणूससुद्धा आतून घाबरलेला. मग ती थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलते. आईने बजावलं होतं, दुःख होणार हे मला ठाऊक होतं, तरी याच्याशी लग्न केलं, आणि पस्तावा नाही. 'अरायव्हल' या विज्ञानपटातली लुईझही तशीच. मुलगी लवकर जाणार हे आधीच कळूनही तिला जन्म देते.

एवढा खटाटोप करून तिघे पुरुष त्या दारापर्यंत गेले. या बाईला तिथे जायची गरजच नव्हती, असं मला वाटतं. तिला काय हवं होतं ते तिला आधीपासून माहीत होतं, आणि त्याची किंमतही.