पांढऱ्या खोलीतली काळी छत्री

शनिवार, रात्र. पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये.

आज दातांच्या दवाखान्यात शूट होतं. दोन मिनिटांचा व्हिडिओ, त्यामुळे काल रात्री मी निवांत झोपलो होतो. सकाळी खोली पाहिली आणि झोप उडाली. नऊ बाय अकरा फूट. मधोमध ती अवाढव्य खुर्ची, बाजूला बेसिन, दोन कपाटं. उरलेल्या जागेत डॉक्टर मॅडम, त्यांची असिस्टंट, पेशंट म्हणून बसवलेले त्यांचे दीर, मी आणि बारावीचा अभ्यास टाकून "मामा, मला लायटिंग शिकव" म्हणत आलेला भाचा. भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, कपाटं पांढरी, छत पांढरं, मॅडमचा कोटही पांढरा.

सवयीने दोन सॉफ्टबॉक्स, म्हणजे कापडी पेटीतले मऊ उजेडाचे दिवे, लावले. मॉनिटरमध्ये पाहिलं तर चेहरा थापलेल्या भाकरीसारखा सपाट, कोट भिंतीत विरघळलेला. भाचा म्हणाला, "मामा, अजून एक लाईट लावू या का?" मीही त्याच्या वयात हेच म्हणालो असतो.

१९५६ च्या सत्यजित रायांच्या ‘अपराजितो’साठी कॅमेरामन सुब्रत मित्रांनी स्टुडिओतल्या सेटवर पांढरं कापड ताणून त्यावरून दिव्यांचा उजेड परतवला होता, बनारसच्या वाड्यातला आकाशाचा उजेड आणण्यासाठी. आमच्या दवाखान्यात ते कापड सहाही बाजूंनी फुकट होतं, हीच पंचाईत. एरवी दिवा चेहऱ्यापासून तीन फुटांवर आणि भिंत दिव्यापासून सहा फुटांवर असली, तर भिंतीवर चौथाईच उजेड पडतो, म्हणजे दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). हे गणित मोकळ्या, काळ्या स्टुडिओतलं. इथे प्रत्येक भिंत आलेला उजेड परत फेकते. जितके दिवे वाढवाल, तितक्या सावल्या मरतात.

म्हणून छतातले चारही पॅनल बंद केले. ते तसेही निळसर, साडेसहा हजार केल्विनच्या आसपासचे. सॉफ्टबॉक्स काढून एकच दिवा कपाटाच्या वरून कोपऱ्यात मारला, म्हणजे तो कोपराच मोठा मऊ दिवा झाला. आता दुसऱ्या गालावर सावली पडावी म्हणून त्या बाजूला उजेड शोषणारं काळं कापड हवं होतं. रविवार पेठेतून मुद्दाम आणलेली वेल्वेट घरी, इस्त्रीच्या टेबलावर.

दाराबाहेर दवाखान्यातल्या मावशींची छत्री निथळत होती. मोठी, लाकडी मुठीची, काळी कुळकुळीत. "मावशी, घेऊ का जरा?" त्यांनी कपाळावर आठ्या घातल्या, पण दिली. मॅडमनी आधी ती कोरडी करवली, माझ्या स्टँडचे पायही स्पिरिटने पुसायला लावले, आणि हत्यारांच्या ट्रेवर काहीही टांगायचं नाही असं बजावलं. बरोबरच होतं त्यांचं. भाच्याने छत्री उघडून गालाच्या बाजूला धरली आणि मॅडमना नाक परत मिळालं! भिंत झेब्रावर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजायच्या पट्ट्यांवर, ७५-८० टक्क्यांना ठेवली. पांढरी दिसते, पण फाटत नाही, म्हणजे तपशील जळून जात नाही.

रंगाच्या बाबतीत मात्र मॅडम माझ्या पुढे निघाल्या. दाताची छटा जुळवायची तर त्या आधी दिवसाच्या उजेडात खिडकीशी पाहतात. त्यांच्या पट्टीवर सोळा छटा, ए-वन ते डी-फोर. तेही काम सुरू करण्याआधीच, कारण तोंड उघडं राहून दात सुकला की जास्त पांढरा दिसतो. मी आपला स्किन टोन स्किन टोन करत बसतो.

पाण्याच्या फवाऱ्याचा स्लो मोशन घेतला तर चित्रावर पट्टे सरकायला लागले. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. छतातले दिवे तर मी बंद केले होते, मग हे कुठून? कपाटाखालची सजावटीची पट्टी चालूच राहिली होती. ती विझवली, मिटलं.

दिरांचं एक फिलिंग खरोखरच राहिलं होतं, म्हणून तेच शूट करायचं ठरलं. मी दिवा जवळ सरकवला, तर मॅडम जवळजवळ ओरडल्याच. "अहो, तो लांब न्या! माझं कॉम्पोझिट भरायच्या आधीच घट्ट होईल." दात भरायचा तो लगदा निळ्या प्रकाशाने, साधारण ४७० नॅनोमीटरच्या, कडक होतो आणि पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर असतो. त्या वेळी त्या स्वतःचा डोक्यावरचा दिवासुद्धा पिवळ्यावर टाकतात. वीस वर्षं दिवे उचलतोय, हे कोणी सांगितलं नव्हतं. दिव्यावर नारिंगी जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावून पाहिलं, खोली हळदीच्या कार्यक्रमासारखी दिसायला लागली. शेवटी माझा दिवा बंदच केला. त्यांच्या मंद पिवळ्यात फिलिंग भरून झालं, मग तोही विझला आणि फक्त लगदा कडक करणाऱ्या क्युरिंग लाईटचं निळं टोक, त्यापुढे नारिंगी ढाल, मागे काळोख. निळा रंग फाटू नये म्हणून एक्सपोजर बरंच खाली आणलं. दिवसातला सगळ्यात चांगला शॉट तोच, आणि त्यात माझा एकही दिवा नाही.

आत्ता फुटेज उतरवताना भाचा हसत सुटला. स्टीलच्या ट्रेमध्ये छत्रीची मूठ चक्क दिसतेय. चमक कापणारा पोलरायझर लेन्सला लावला होता, पण उघड्या धातूवर त्याचं काही चालत नाही. तो शॉट कापावा लागेल.

आणि छत्री आमच्या गाडीतच राहिलीय. मावशी भिजतच घरी गेल्या असणार. उद्या रविवार, दवाखाना बंद.